नेपोलियनने सोडलेल्या जोसेफिनचे दागिने आणि स्वीडनचं राजघराणं

मृगनक्षत्र

डिसेंबर १८०९ मध्ये नेपोलियनने जोसेफिनला सोडलं. कारण एकच, वंशाला दिवा हवा होता आणि तिच्याकडून तो मिळेना. आज नेपोलियनच्या वंशातलं कुणी कुठल्याच गादीवर नाही. जोसेफिनला पहिल्या नवऱ्यापासून झालेल्या मुलाचे वंशज मात्र स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग अशा पाच देशांत राज्यावर आहेत. आणि त्या काळातले दागिने या घराण्यांतल्या लेकीसुना आजही डोक्यात माळतात, गळ्यात घालतात. मला या गोष्टीचं विलक्षण आकर्षण आहे, म्हणून हा धागा.

ब्रिटिश राजघराण्याबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. स्वीडनच्या बेर्नादोत घराण्याबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. हे घराणं मुळात स्वीडिश नाहीच. झाँ बाप्तिस्त बेर्नादोत हा फ्रान्सच्या दक्षिणेला, पो गावातल्या एका वकिलाचा मुलगा. सैन्यात शिपाई म्हणून शिरला, क्रांतीच्या धामधुमीत वर चढत नेपोलियनचा मार्शल झाला. स्वीडनच्या राजाला वारस नव्हता, तेव्हा १८१० मध्ये स्वीडिश लोकांनी त्यालाच युवराज म्हणून निवडलं. १८१८ मध्ये तो राजा झाला. आजचा राजा कार्ल सोळावा गुस्ताफ त्याचाच वंशज.

त्याची बायको देझिरे क्लारी. नेपोलियन जोसेफिनच्या प्रेमात पडण्याआधी त्याचं लग्न या देझिरेशी ठरलेलं होतं! पुढे देझिरेचा मुलगा ओस्कर लग्नाचा झाला तेव्हा कुणाची मुलगी सांगून आली? जोसेफिनच्या मुलाची, म्हणजे युजेनची. जिला सोडून नेपोलियन जोसेफिनकडे गेला तिचा मुलगा, आणि जिला त्याने नंतर सोडलं तिची नात. १९ जून १८२३ ला स्टॉकहोममध्ये हे लग्न झालं. नवरी सोळा वर्षांची, नाव आजीचंच, जोसेफिन. तिच्याबरोबर आणि पुढे तिच्या माहेरून जे जे आलं, त्यावर स्वीडनचा दागिन्यांचा डबा उभा आहे.

त्यातला माझा सगळ्यात लाडका म्हणजे कॅमिओचा टिआरा (डोक्यावर घालायचा मुकुटासारखा दागिना). हिरे नाहीत, पाचू नाहीत. सोन्याच्या चौकटीत कोरीव चित्रांचे सात कॅमिओ आणि भोवती बारीक मोत्यांच्या ओळी. साधारण १८०९ चा, थोरल्या जोसेफिनसाठी केलेला, म्हणजे जिच्या संसाराचं ते शेवटचं वर्ष होतं तिच्यासाठी. फोटो मोठा करून पाहा: मधला कॅमिओ सर्वांत मोठा, बाजूचे उतरत्या मापाचे. लखलखाट अजिबात नाही. रंगही भडक नाहीत, तांबूस आणि दुधी. राजघराण्यातल्या इतर टिआऱ्यांच्या शेजारी तो एखाद्या जुन्या पुस्तकासारखा दिसतो.

धाकट्या जोसेफिनकडून, म्हणजे स्वीडनच्या राणीकडून, तो तिची मुलगी युजेनीकडे गेला. युजेनी अविवाहित होती, तिच्याकडून पुतण्या ओयगेनकडे. हा राजपुत्र चित्रकार, आणि त्यानेही लग्न केलं नाही. १९३२ मध्ये घरात सिबिला नावाची सून आली तेव्हा त्याने तो तिला देऊन टाकला. सिबिला म्हणजे आजच्या राजाची आई.

तुमच्याकडे माहिती असेल तर भर घाला.

केतकीपान

किती सुंदर लिहिलंयस गं! तो वंशाच्या दिव्याचा न्याय वाचून अंगावर काटा आला. हा कॅमिओवाला टिआरा व्हिक्टोरियाने लग्नात घातला होता तोच ना? मी ते लग्न टीव्हीवर पाहिलं होतं. बरोबर एक लांबच लांब जाळीदार पदर होता.

मृगनक्षत्र

हो केतकी, तोच. तो या घराण्यातल्या नववधूंचा टिआरा आहे असं म्हटलं तरी चालेल. राजाच्या बहिणी बिर्गिटा (१९६१) आणि देझिरे (१९६४), मग १९७६ मध्ये राणी सिल्व्हिया आणि २०१० मध्ये युवराज्ञी व्हिक्टोरिया, चौघींनी लग्नात हाच घातला. आणि तू म्हणतेस तो जाळीदार पदर म्हणजे ब्रसेल्स लेसचा व्हेल. तो ओस्कर दुसरा याची राणी सोफिया हिचा. चौघींनी तोही घेतला होता.

तारखेकडेही लक्ष दे. ओस्कर आणि जोसेफिनचं लग्न १९ जूनला. त्यांच्या मुलाचं, कार्ल पंधरावा याचं, १८५० मध्ये १९ जूनला. सिल्व्हियाचं १९ जून १९७६ ला, व्हिक्टोरियाचं १९ जून २०१० ला. मुद्दाम जपलेली गोष्ट आहे ही, आणि मला ती फार आवडते.

सराफकट्टा

आमचा पिढीजात सराफीचा धंदा, त्यामुळे धागा अधाशासारखा वाचला. थोडी कारागिरीबद्दल भर घालतो.

कॅमिओमध्ये दगड किंवा शिंपला असा निवडतात की त्यात दोन रंगांचे थर असतील. वरचा थर कोरून आकृती काढायची, नको तेवढा भाग खरवडून खालच्या थरापर्यंत जायचं. खालचा थर जमीन म्हणून तसाच ठेवायचा. हात एकदा जास्त खोल गेला तर दुरुस्ती नाही. सोन्याची चूक वितळवता येते, ही येत नाही. म्हणून सात कॅमिओ एका हाताचे आणि उतरत्या मापाचे मिळवणं हेच मोठं काम.

स्वीडनकडे पोलादाचे टिआरेही आहेत, ते इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. होय, पोलाद. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ही कला भरात होती. पोलादाच्या लहान लहान दाण्यांना हिऱ्यासारखे पैलू पाडायचे, घासून आरशासारखे करायचे आणि एकेक दाणा पत्र्यावर रिव्हेटने बसवायचा. जुन्या चांगल्या कामात एका दाण्याला पंधरापर्यंत पैलू असायचे. मेणबत्तीच्या उजेडात ते हिऱ्यांपेक्षा फार मागे पडत नसणार. एकच शत्रू, गंज. दोनशे वर्षं तो लागू दिला नाही याचं मला जास्त कौतुक वाटतं.

मृगनक्षत्र

सराफदादा, खूप धन्यवाद! पोलादाच्या टिआऱ्याची कथा तर अशी की तो थोरल्या जोसेफिनच्या मुलीचा, हॉलंडची राणी हॉर्टेन्स हिचा मानला जातो. पुढे तो राजवाड्यातल्या कपाटात पडून होता. सिल्व्हिया लग्न होऊन आली आणि १९७० च्या दशकात तिला तो सापडला. तिने तो बाहेर काढून वापरायला सुरुवात केली. सासरच्या कपाटात पडलेली वस्तू नव्या सुनेने ओळखावी, याला पारखी नजर लागते. तिने आणखीही एक केलं. जोसेफिनच्या माहेरच्या ॲमेथिस्टचा मोठा हार होता, तो चौकटीवर चढवून टिआरा करून घेतला. जांभळा रंग तिला शोभतोही फार.

उत्तरेची_वारी

स्टॉकहोममधून लिहितेय. इथे राहणाऱ्या मराठी मंडळींत हा विषय डिसेंबरमध्ये हमखास निघतो, कारण १० डिसेंबरला नोबेल. संध्याकाळी टाउन हॉलच्या ब्लू हॉलमधली मेजवानी इथल्या सरकारी वाहिनीवर थेट दाखवतात आणि राजघराण्यातल्या बायका कुठला टिआरा घालून जिना उतरतात यावर घरोघरी चर्चा होते. २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी धोतर नेसून राजाच्या हातून पदक घ्यायला उभे राहिले तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. त्यांच्या आई निर्मलाताई माहेरच्या पाटणकर, त्यामुळे आम्हाला तो अर्धा मराठी सोहळाच होता. शेजारी एस्थर डुफ्लो साडीत.

इथे येणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. राजवाड्याच्या तळघरात खजिना आहे, तिकीट काढून बघता येतो. पण तिथे हे टिआरे नसतात. तिथे राज्याची चिन्हं आहेत: एरिक चौदावा याचा १५६१ चा मुकुट, राजदंड, तलवारी. ते देशाचं. कुटुंबाचे दागिने वेगळे, आणि त्यातले महत्त्वाचे कुणा एकाच्या नावावर नाहीत, बेर्नादोत कुटुंबाच्या न्यासाकडे आहेत. घालायला मिळतात, विकायला नाही.

आणि तो मुकुट आता कुणी डोक्यावर ठेवतच नाही. शेवटचा राज्याभिषेक १८७३ चा, ओस्कर दुसरा याचा. १९७३ मध्ये आताचा राजा गादीवर आला तेव्हा मुकुट नुसता शेजारी उशीवर ठेवला होता.

चाफेकळी

उत्तरेताई, स्वीडनमध्ये मुकुट चोरीला गेले होते ना मध्ये? ते हेच का?

उत्तरेची_वारी

नाही चाफेकळी, ते स्ट्रेंगनेसच्या कॅथेड्रलमधले. राजा कार्ल नववा आणि राणी क्रिस्टिना यांच्या अंत्यसंस्काराचे दोन मुकुट आणि राजसत्तेचं चिन्ह म्हणून हातात धरायचा एक गोल. हे जिवंतपणी घालायचे नव्हेतच, शवपेटीत ठेवायला केलेले होते. ३१ जुलै २०१८ ला भरदिवसा काच फोडून नेले आणि चोर मोटारबोटीतून तलावात पसार झाले. इथे लोकांना फार लागलं होतं ते. पुढच्या फेब्रुवारीत स्टॉकहोमच्या उत्तरेला ओकेर्सबेर्या गावात कचऱ्याच्या डब्यावर ठेवलेले सापडले.

कृष्णाकाठ

धागा चांगला आहे, माहितीही भरपूर आहे. पण एक बाजू अजून आलेली नाही आणि ती आल्याशिवाय मला हे कौतुक पुरं वाटत नाही.

थोरली जोसेफिन मार्टिनिक बेटावरच्या उसाच्या मळ्यात जन्मली. तो मळा गुलामांच्या कष्टावर चाले. फ्रेंच क्रांतीने गुलामगिरी रद्द केली होती, ती १८०२ मध्ये वसाहतींत पुन्हा आणली नेपोलियनने. स्वीडनकडेही कॅरिबियनमध्ये सेंट बार्थेलेमी नावाचं बेट होतं आणि तिथे १८४७ पर्यंत गुलाम होते. म्हणजे ओस्कर आणि धाकटी जोसेफिन राज्यावर असतानाही. हे हार-मुकुट ज्या पैशातून घडले तो पैसा हवेतून आला नाही. राजघराण्यांचं कौतुक करताना घाम गाळणारी माणसं गाळून टाकायची, ही आपलीही जुनी सवय आहे. आपल्या वाड्यांच्या नि किल्ल्यांच्या वर्णनातही पाथरवटाचं नाव नसतं.

मृगनक्षत्र

कृष्णाकाठ, हे लिहिलंत ते बरं केलंत. ते या धाग्यात असायलाच हवं. मी त्यावर वाद घालणार नाही, कारण तुमचं म्हणणं खरं आहे.

माझं म्हणणं इतकंच, की दागिना टिकला म्हणून तर आपण हे सगळं विचारू शकतो. वितळवून टाकला असता तर कुणाचा, कुठून, कशाच्या जिवावर, हे प्रश्नही गेले असते. आणि मी कौतुक करते ते सत्तेचं नाही. स्वीडनच्या १९७४ च्या राज्यघटनेने राजाकडे सत्ता ठेवलेलीच नाही, पंतप्रधान नेमायचा औपचारिक अधिकारसुद्धा काढला. १९८० पासून थोरलं मूल वारस, मग मुलगा असो वा मुलगी. युरोपात हे आधी स्वीडनने केलं. त्या कायद्याने राजाच्या काही महिन्यांच्या मुलाचं, कार्ल फिलिपचं, युवराजपद गेलं आणि अडीच वर्षांची व्हिक्टोरिया युवराज्ञी झाली. ज्या घराण्याची गोष्ट मुलगा हवा म्हणून सोडलेल्या बाईपासून सुरू होते, तिथे हे घडलं याचं मला अप्रूप आहे.

बडोदेकर

कृष्णाकाठ यांच्या मुद्द्याला धरून. हिऱ्यांचा विषय निघालाच आहे तर ब्राझीलकडे बघायला हवं. १८५३ मध्ये मिनास जेराइसमध्ये एका गुलाम बाईला खाणीत मोठा हिरा सापडला. त्याबद्दल तिला स्वातंत्र्य आणि तहहयात पेन्शन मिळाली. पैलू पाडल्यावर तो १२८ कॅरटचा भरला आणि ‘स्टार ऑफ द साउथ’ या नावाने प्रसिद्ध झाला. पुढे तो विकत घेतला आमच्या खंडेराव महाराज गायकवाडांनी. बडोद्याच्या राजघराण्याच्या त्या प्रसिद्ध हारात तो होता. तेव्हा या कहाणीचा एक धागा थेट मराठी संस्थानापर्यंत येतो.

मृगनक्षत्र, स्वीडनकडे ब्राझीलच्या सम्राज्ञीचा एक प्रचंड टिआरा आहे असं वाचलंय. त्याबद्दल लिहा ना.

मृगनक्षत्र

ब्रागांझा टिआरा! लिहिणारच होते.

धाकट्या जोसेफिनला एक बहीण होती, अमेली. ब्राझीलचा पहिला सम्राट पेद्रो विधुर झाला. पहिली बायको लिओपोल्डिना हिला त्याने इतकं वाईट वागवलं होतं की युरोपातली राजघराणी त्याला मुलगी द्यायला तयार होईनात. एकामागून एक नकार आले. शेवटी १८२९ मध्ये सतरा वर्षांच्या अमेलीशी लग्न ठरलं. दोनच वर्षांत पेद्रोने गादी सोडली, १८३४ मध्ये तो गेला. बावीस-तेवीस वर्षांची विधवा आणि पदरात एक मुलगी. ती मुलगी क्षयाने आजारी पडली, हवापालटासाठी मदेइराला नेलं, तिथे १८५३ मध्ये तीही गेली. अमेली पुढची वीस वर्षं लिस्बनमध्ये एकटी राहिली. १८७३ मध्ये ती वारली तेव्हा हिऱ्यांचा तो टिआरा स्टॉकहोमच्या बहिणीकडे आला.

स्वीडनचा हा सगळ्यात मोठा आणि उंच टिआरा. हिऱ्यांची पानंफुलं, उभी वळणं, समोरून बघितलं तर कमानच. सिल्व्हिया तो फार क्वचित, अगदी मोठ्या समारंभांनाच घालते. आणि योग बघा, सिल्व्हियाचे वडील जर्मन, आई ब्राझीलची. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ती पाहुण्यांची व्यवस्था बघत होती, तिथे तिची नि युवराजाची भेट झाली. अमेलीचं माहेर म्युनिक, सासर ब्राझील. जिचं त्या टिआऱ्यावर कुणीही न सांगता नातं लागावं अशीच सून या घरात आली.

चाफेकळी

मला डेन्मार्कच्या मेरीच्या माणकांबद्दल विचारायचं होतं. ती पण मूळ स्वीडनचीच ना?

मृगनक्षत्र

हो, मूळ मालकीण म्हणजे देझिरे, नेपोलियनची जुनी वाग्दत्त वधू. २ डिसेंबर १८०४ ला नेपोलियनचा राज्याभिषेक झाला तेव्हा मार्शलांच्या बायका शोभून दिसाव्यात म्हणून त्याने पैसे दिले आणि त्यातून ही माणकं आली असं सांगतात. देझिरेकडून ती सून जोसेफिनकडे. जोसेफिनने ती ठेवली नात लुईसाठी. लुई १८६९ मध्ये डेन्मार्कच्या युवराजाला दिली. माणकं आणि हिरे, लाल आणि पांढरा, डेन्मार्कच्या झेंड्याचे रंग, म्हणून ती तिच्याबरोबर पाठवली. तिथून पुढे ती घरात आलेल्या सुनांकडे जात राहिली: अलेक्झांड्रिन, मग १९३५ मध्ये इनग्रिड. ही इनग्रिड पुन्हा स्वीडनचीच लेक. इनग्रिडने ती मुलीला, म्हणजे मार्गरेट राणीला, न देता नातू फ्रेडरिकच्या होणाऱ्या बायकोसाठी राखून ठेवली आणि २००० मध्ये ती गेली. तेव्हा मेरी या घरात यायची होती. टास्मानियाची ही मुलगी मे २००४ मध्ये लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नाट्यगृहात आली ती देझिरेची माणकं घालून.

इनग्रिडबद्दल थोडं जास्त लिहिते. तिची आई मार्गारेट, व्हिक्टोरिया राणीची नात, १९०५ मध्ये स्वीडनच्या युवराजपुत्राशी लग्न करून आली. बागकामाचं वेड. हेल्सिंगबोर्गजवळच्या सोफिएरो वाड्याची बाग तिने फुलवली, ती आजही लोक बघायला जातात. इंग्लंडहून तिने मर्टल नावाच्या सुवासिक झुडपाचं रोप आणलं होतं. १९२० मध्ये सहाव्या बाळंतपणाच्या आधीच, अडतिसाव्या वर्षी, ती गेली. इनग्रिड तेव्हा दहा वर्षांची. पुढे डेन्मार्कला जाताना इनग्रिडने आईच्या त्या मर्टलची फांदी नेली आणि रोप लावलं. तेव्हापासून स्वीडन आणि डेन्मार्क, दोन्हीकडच्या नववधूंच्या फुलांत त्या झाडाची डहाळी असते. आईचा आयरिश लेसचा व्हेलही इनग्रिडने नेला. तिच्या तिन्ही मुलींनी आणि २००४ मध्ये मेरीने तो घेतला. मला माणकांइतकीच ही डहाळीही मोलाची वाटते.

सराफकट्टा

माणकांच्या सेटबद्दल एक विचारतो. मेरीने तो मोडून नवा केला असं मध्यंतरी वाचलं होतं. आमच्याकडे दर लग्नसराईत आजीचे पुतळ्या, चपलाहार, वज्रटीक मोडीत येतात. घट धरायची, वजन करायचं आणि हलक्या बांगड्या द्यायच्या. धंदा आहे, करतो. पण काही काही दागिने आटणीत टाकताना हात अडतो. त्यामुळे राणीनेही मोड घातली असेल तर वाईट वाटेल.

मृगनक्षत्र

नाही दादा, मोड नाही. २०१० मध्ये तिने कोपनहेगनच्या एका दागिने घडवणाऱ्या बाईंकडून त्यात बदल करून घेतले. खडे तेच, पानंही तीच. पसरट झाला होता तो आटोपशीर करून घेतला, कानातले आणि हार वेगवेगळ्या प्रकारे घालता येतील असे केले. त्याआधी इनग्रिडनेही त्यात बदल केले होतेच. लुख्तेनबेर्गच्या, म्हणजे धाकट्या जोसेफिनच्या माहेरच्या, नीलमांच्या टिआऱ्यात तर नीलम काढून मोती बसवायची सोय मुळातच आहे. तो जोसेफिनच्या आईचा, ऑगस्टाचा. तो आजही सिल्व्हियाच्या वापरात आहे. जो दागिना थोडा बदलू शकतो तोच पुढच्या पिढीच्या अंगावर राहतो, बाकीचे संग्रहालयात जातात.

कृष्णाकाठ

सिबिलाचा उल्लेख वर ओझरता आलाय. तिच्याबद्दल लिहाल का? तिचे वडील नाझी होते ना?

मृगनक्षत्र

हो. कोबुर्गचे ड्यूक कार्ल एडुआर्ड, हिटलरचे उघड समर्थक. १९३२ चं तिचं लग्न कोबुर्गमध्ये झालं तेव्हा रस्त्यावर स्वस्तिकाचे झेंडे होते. स्वीडनमध्ये ते तिला शेवटपर्यंत भोवलं. जानेवारी १९४७ मध्ये कोपनहेगनच्या विमानतळावर विमान कोसळून तिचा नवरा गेला. चार मुली, आणि मुलगा नऊ महिन्यांचा. सासऱ्याची दुसरी बायको, राणी लुईस, १९६५ मध्ये वारल्यावर दरबारातलं पहिल्या बाईचं काम सिबिलानेच केलं. कॅमिओचा टिआरा आणि सासू मार्गारेटचा हिऱ्यांचा कॉनॉट टिआरा तिच्याच घरी होते, आणि तीन मुलींची लग्नं तिने एकटीने केली. नोव्हेंबर १९७२ मध्ये ती गेली. मुलगा राजा झाला त्याच्या पुढच्या सप्टेंबरमध्ये. तिच्या वडिलांचं पाप तिच्या नावावर मांडावं की नाही, यावर मतं वेगळी असू शकतात. मला ती एकाकी आणि खंबीर बाई वाटते.

केतकीपान

आणि जोसेफिनचे पाचू? मी नॉर्वेच्या सोन्या राणीला हिरव्यागार सेटमध्ये पाहिलंय, ते तेच का गं?

मृगनक्षत्र

तेच! जोसेफिनकडून सून सोफियाकडे, तिच्याकडून तिसऱ्या मुलाच्या बायकोकडे, इंगेबोर्गकडे. इंगेबोर्गची मुलगी मार्था नॉर्वेची युवराज्ञी. १९४० मध्ये जर्मनांनी नॉर्वे घेतला तेव्हा मार्था तीन लहान मुलं घेऊन अमेरिकेला निघाली. परदेशात पैशाची अडचण आली तर विकता यावेत म्हणून आईने तिला हे पाचू दिले. विकायची वेळ आली नाही. युद्ध संपल्यावर मार्था मुलांना घेऊन १९४५ मध्ये ओस्लोला परतली, पाचूही परतले. त्या तीन मुलांतला धाकटा म्हणजे आताचा राजा हाराल्ड, सोन्याचा नवरा.

इंगेबोर्गचा मोत्यांचा एक टिआराही नॉर्वेतच आहे. २०२२ मध्ये हाराल्डच्या नातीच्या, इनग्रिड अलेक्झांड्राच्या, अठराव्या वाढदिवसाच्या समारंभात आजी-आजोबांनी तो तिला दिला. वडील हाकोन यांच्यानंतर नॉर्वेच्या गादीवर येणार तीच. फोटो शोधून बघ, फार गोड दिसते त्यात.